लाल दगडांना लावलेल्या कुंकवाबाबत

मी, सौ. पद्मजा सुरेश टिकेकर, वय ४२ वर्षे, धंदा घरकाम, मूळ राहणार पुणे, हल्ली फहाहील, कुवेत, आज शुक्रवार, दि. २१ फेब्रुवारी १९९७ रोजी, वाळवंटी उद्यानाच्या पोलीस चौकीत समक्ष हजर राहून सांगते की, मला अरबी येत नाही. मी मराठीत बोलत आहे. दुभाषी सिराजभाई, मूळचे रत्नागिरीचे, ते लिहून घेत आहेत व साहेबांना अरबीत सांगत आहेत.

माझे पती शुऐबाच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात इंजिनिअर आहेत. जयरामभाऊ हे सुतार असून फरवानियात राहतात. आमचा देव्हारा त्यांनी केला, तेव्हापासूनची ओळख. त्यांच्या मुलीचे लग्न तोंडावर आले असून उद्या त्यांचे विमान आहे. तीन वर्षांत त्यांनी इथली दारे-खिडक्या सोडून काही पाहिले नव्हते, म्हणून जाण्याआधी या उद्यानातले लाल कडे दाखवावेत असे मी ठरवले. पती नाही म्हणत होते. त्यांना शुक्रवारी झोपायचे असते. शेवटी ते, मी, आमची मुलगी जुईली व जयरामभाऊ असे चौघे आलो.

कडे खरोखर लाल आहेत. जयरामभाऊ म्हणाले, "वैनी, ह्यो तर आमचो जांभोच." पतींनी जांभा आणि वालुकाश्म यांतला फरक बराच वेळ समजावला. जयरामभाऊंनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "असात. रंग मात्र घरचो."

नव्या हद्दीत शिरताना तिथल्या राखणदाराला नारळ द्यायचा, ही त्यांच्या गावची रीत. नारळ व कुंकवाचा करंडा मी घरून नेला होता. त्यांनी एका उभ्या दगडाला कुंकू लावले, नारळ ठेवला आणि गाऱ्हाणे घातले, "बा देवा म्हाराजा, ही लेकरां तुझ्या हद्दीत इली हत. चुकला-माकला पोटात घाल, आणि माझ्या चेडवाचा लगीन नीट पार पाड रे म्हाराजा." आम्ही "व्हय म्हाराजा" म्हटले. पती जरा हळू म्हणाले.

पुढे सगळ्या वाटा सारख्याच दिसू लागल्या. परतताना चुकू नये म्हणून प्रत्येक वळणावर दगडाला कुंकू लावावे, ही सूचना सर्वस्वी पतींची. जयरामभाऊंनी ती मन लावून पाळली. इराकशी झालेल्या लढाईनंतर या देशात लाल रंगवलेला दगड म्हणजे पुढे सुरुंग, हे पतींना माहीत होते. ते थालीपीठ खाऊन झाल्यावर आठवले, असे त्यांचे म्हणणे आहे.

तोवर कोणीतरी लाल दगड पाहून कळवले होते. पोलिसांच्या गाड्या आल्या आणि उद्यान रिकामे केले गेले. एका कुटुंबाचे मटण अर्धेकच्चे राहिले. त्यांतले आजोबा बाहेर बाकावर बसून माझ्याकडे बघत आहेत. त्यांची मी माफी मागते.

चौकीत सर्वांची बोटे तपासली. लाल बोट एकट्या जयरामभाऊंचे निघाले, म्हणून त्यांना वेगळे बसवले. गुन्हा नोंदला तर देशाबाहेर जाता येत नाही, असे सिराजभाईंनी सांगितले. जयरामभाऊंनी फक्त उद्या विमान किती वाजता सुटते ते विचारले. ती वेळ त्यांना पाठ आहे.

साहेबांनी विचारले, राखणदार कोण? मी सांगितले, तो जागेचा असतो, दिसत नाही. तो भारतीय आहे काय, असे विचारले. या जागेचा आहे म्हणजे कुवेतीच असणार, असे मी सांगितले. मग त्याच्याकडे काय मागितले ते विचारले. मी गाऱ्हाणे सांगितले. सिराजभाईंनी ते अरबीत सांगून शेवटी "व्हय म्हाराजा" मालवणीतच म्हटले.

दगड नेमके कोणी रंगवले, या प्रश्नाला माझे उत्तर असे की, कुंकू माझे, नारळ माझा, अक्कल पतींची. जयरामभाऊंचे फक्त बोट. करंडा पुरावा म्हणून टेबलावर उघडाच होता. मी त्यात बोट बुडवले. पतींनी माझ्याकडे पाहिले आणि त्यांनीही बुडवले. मुलगी जुईली "आई, धिस इज सो एम्बॅरसिंग" म्हणाली, पण बोट तिनेही बुडवले.

साहेबांनी सगळी बोटे पुन्हा पाहिली. मग जयरामभाऊंना आमच्यात बसवले व सांगितले की, अंधार पडण्याआधी सगळे दगड धुऊन घरी जा. नारळ मात्र उचलू नका, तो ज्याचा त्याला राहू द्या.

सिराजभाईंनी हे सर्व मला वाचून दाखवले. मी सांगितले तसेच लिहिले आहे. सहीशेजारी लाल ठसे उमटले आहेत, ते आम्हा सर्वांचे समजावेत.