गुगली नऊ दिवस गप्प

देवळाली कॅम्पच्या बसच्या रांगेत संजनाच्या पुढं दोन तरुण तावातावानं बोलत होते.

"ग्रुपवरचा तो 'गुगली' पळाला रे! आपल्याला शेअर घ्यायला लावले नि नऊ दिवस गायब."

"कालची मॅचपण सोडली त्यानं. टॉसच्या आधी स्वतःची टीम टाकल्याशिवाय राहायचा नाही कधी."

"पंचविशीतलं कार्टं असणार. पोलिसात देतो म्हणून लिही."

"पण विकायचं कधी ते सांगतो म्हणाला होता ना?"

"लिही म्हणतो ना!"

"बरं बाबा. हे बघ, पाठवलं."

संजनाच्या पर्समध्ये तिच्या वडिलांचा फोन वाजला. उद्याच्या दशक्रियेच्या सामानाची पिशवी तिनं खाली ठेवली, फोन काढला आणि उत्तर लिहायला घेतलं.

"अरे, अरे, बघ! गुगली टाइप करतोय!"