शंभर टक्के हजेरी

पुढे सरकून बसा, मंडळी. मागच्यांनी भिंत सोडा, ती तुमच्याशिवाय उभी राहील. पेटीवाले, सूर जरा खाली घ्या. आज गाणं कमी आणि बोलणं जास्त आहे, आणि बोलणंही गोड नाही. ज्यांना गोड हवं त्यांनी प्रसादाची वाट बघावी.

आजचा प्रश्न असा. देणाऱ्याने देण्याआधी घेणाऱ्याची परीक्षा किती वेळा घ्यावी?

कोणी म्हणेल, एकदाही घेऊ नये. असं म्हणणाऱ्याने बहुधा आजवर कोणाला काही दिलेलं नसतं. कोणी म्हणेल, एकदा घ्यावी, दान योग्य हाती पडलं पाहिजे. मान्य. पण पुराणातला राजा आठवा. दारात याचक आला, राजा म्हणाला, "काय हवं?" याचक म्हणाला, "गाय." राजाने गाय दिली. त्याने विचारलं नाही, की तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल आणलेत का? गाईचा प्रकल्प आराखडा कुठे आहे? दोन वर्षांनी गाय आटली तर तुमची शाश्वत योजना काय? आणि या गाईमुळे समाजात नेमका कोणता बदल होईल, तो पाचशे शब्दांत लिहा.

हसलात. आता ऐका.

ही गोष्ट लांबची नाही. या देवळाच्या मागच्या बोळात, बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीत, 'टेकू' नावाचं एक केंद्र चालतं. ज्या मुलांचे हातपाय जन्मापासून आखडलेले आहेत, त्यांना तिथे रोज व्यायाम देतात. चालवणाऱ्या दोघी. एक शशिकलाबाई उबाळे, सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स, वय सदुसष्ट. दुसरी रेहाना शिकलगार, पस्तिशीची, शहरात राहून हे व्यायाम शिकून आलेली. कागदोपत्री बाई अध्यक्ष आणि रेहाना सचिव. फरशी पुसायची वेळ आली की दोघीही शिपाई.

तिथे अकरा मुलं येतात. त्यातली एक ईश्वरी लोंढे, सहा वर्षांची. तिची आई सुवर्णा द्राक्षांच्या पॅकिंगला जाते. ईश्वरी आली तेव्हा तिला बसवलं की ती एका बाजूला कलंडायची. दोन वर्षं बाईंनी आणि रेहानाने रोज वीस-वीस मिनिटं तिचे पाय ताणले. आज ताणायचे, उद्या ताणायचे, परवा ताणायचे. चार दिवस सोडले की पाय परत आखडतात. या कामाला सुट्टी नसते, हे लक्षात ठेवा, कारण सगळं आख्यान यावर उभं आहे. दोन वर्षांनी ईश्वरी बसायला लागली. मग कठडा धरून उभी राहिली. शाळेचे हेडमास्तर म्हणाले, "बाकावर आपली आपण अर्धा तास बसली, तर जूनमध्ये नाव घालतो." डिसेंबरात ती पंचवीस मिनिटं बसत होती.

आणि डिसेंबरातच गिरणीचे मालक वारले. जागा त्यांनी फुकट दिली होती. मुलगा भला माणूस, बापाच्या तेराव्यापर्यंत थांबला. मग म्हणाला, "बाई, एकतीस मेपर्यंत खाली करा."

नवी जागा हवी, म्हणजे भाडं हवं. रेहाना मोबाइलवर शोधायला लागली. कुठला निधी कोणाला मिळतो, कोणाची मुदत कधी संपते. बहुतेकांना मोठ्या संस्था हव्या होत्या. काहींना झाडं लावणाऱ्या हव्या होत्या. एकाने मुलं चालतील असं लिहिलं होतं, पण ती 'नवोन्मेषी' असायला हवीत. बाईंनी विचारलं, "म्हणजे कशी गं?" रेहाना म्हणाली, "आपल्यासारखी नसावीत, असं वाटतंय."

शेवटी एक प्रतिष्ठान सापडलं. त्याचं नाव मी सांगणार नाही. ते त्यांनी स्वतःच इतक्या ठिकाणी लिहून ठेवलंय, की माझी गरज नाही. अर्ज बेचाळीस पानांचा. त्यात एक रकाना होता, 'लाभार्थी किती महिन्यांत स्वावलंबी होतील?' रेहाना विचारात पडली. बाई म्हणाल्या, "खरं लिही. काही होणार नाहीत. जन्मभर कोणीतरी लागेल." रेहाना म्हणाली, "बाई, असं लिहिलं तर कोण देईल?" "आणि खोटं लिहिलं तर पोरं पळायला लागतील का?"

खरं लिहिलं. आणि आश्चर्य बघा, अर्ज पहिल्या फेरीत पास झाला. बहुधा तो रकाना कोणी वाचलाच नसावा.

पुढची अट अशी, की निधीआधी प्रशिक्षण. संस्था कशी चालवावी, हे प्रतिष्ठान शिकवणार. तीन सत्रं. पहिलं तीन दिवसांचं, दुसरं पाच, तिसरं सहा. निवासी, शहरातल्या हॉटेलात. अध्यक्ष आणि सचिव या दोघांनीही पूर्ण वेळ हजर राहायचं. एक तास चुकला तरी अर्ज बाद.

आता तुम्ही हिशोब करा. दोघीच आहेत. दोघीही गेल्या, तर केंद्राला काय राहिलं? कुलूप. संस्था कशी चालवायची हे शिकण्यासाठी संस्था बंद ठेवायची. पोहायला शिकवतो म्हणून तळ्यातलं पाणी उपसायचं, तसलं हे.

सुवर्णा म्हणाली, "बाई, मी ताणते की घरी. दावा मला." दाखवलं. पण सकाळी सातला ती पॅकिंगला जाणार, अंधार पडल्यावर येणार, दमलेली. पोरगी रडायला लागली की आईचा हात सैल पडतो. पडणारच. आई आहे ती.

पहिलं सत्र निभावलं. दुसऱ्या सत्राहून परत आल्या तेव्हा ईश्वरी पंधरा मिनिटं बसत होती.

आता हॉटेलात काय शिकवत होते, तेही ऐका. सकाळी सगळ्यांना गोलात उभं करायचं. एकाने लोकरीचा गुंडा दुसऱ्याकडे फेकायचा आणि आपली एक खुबी सांगायची. चाळीस माणसं लोकरीत अडकली की शिकवणारे मिहीर सर म्हणायचे, "बघा, आपण सगळे जोडलेले आहोत." मग अर्धा तास सोडवासोडव. शशिकलाबाईंकडे गुंडा आला तेव्हा त्या म्हणाल्या, "मला पोरांचे पाय ताणता येतात." सर म्हणाले, "वा, छान. पण ताई, हे काम झालं. खुबी सांगा, खुबी."

बाईंनी गुंडा पुढे फेकला.

दुपारी चार्टपेपरवर 'समस्येचं झाड' काढायचं. मुळाशी कारणं, फांद्यांवर परिणाम. बाईंनी हात वर केला.

"सर, एक विचारू?"

"विचारा ना ताई. इथे कुठलाच प्रश्न छोटा नाही."

"मी इथे झाड काढतीय. तिकडे गावात आमच्या पोरांचे पाय आज कोण ताणणार?"

मिहीर सर वाईट माणूस नाही, मंडळी. अठ्ठाविशीचा, शिकलेला, आवाज गोड. असली माणसं वाईट असती तर सोपं झालं असतं. ते म्हणाले, "फार महत्त्वाचा प्रश्न आहे. आपण तो पार्किंग लॉटमध्ये टाकू."

भिंतीवर एक कोरा कागद लावलेला असतो. ज्या प्रश्नांची उत्तरं द्यायची नसतात ते त्यावर चिकटवतात, त्या कागदाला ते पार्किंग लॉट म्हणतात. पिवळ्या चिठ्ठीवर बाईंचा प्रश्न लिहिला गेला. 'पाय कोण?' एवढाच, कारण चिठ्ठी लहान होती. संध्याकाळी हॉटेलच्या माणसाने सगळे कागद गोळा करून नेले.

रेहाना कानात म्हणाली, "बाई, गप बसा. फक्त सही करायची आणि जागा मिळवायची."

"मी गप्पच आहे गं. ते बोलतायत."

तिसरं सत्र मार्चमध्ये. सहा दिवस. विषय, 'समुदायाचा सहभाग कसा वाढवावा'. चौथ्या दिवशी रेहानाच्या फोनवर सुवर्णाचा फोन. "ताई, पाय सरळच होत न्हाईत. लई रडतीया. सोडू का?" रेहाना जिन्यात जाऊन हळू आवाजात सांगत होती, आधी गरम पाण्याने शेक, मग गुडघा असा धर, घाई करू नको. तेवढ्यात हजेरीवाली मुलगी आली. "मॅडम, सेशन चालू आहे. बाहेर दिसलात तर मला लिहावं लागेल." रेहाना म्हणाली, "दोन मिनिटं, लेकराचा..." मुलगी म्हणाली, "मला कळतं हो. पण मलाही लिहावंच लागतं."

रेहानाने फोन ठेवला. आत जाऊन बसली. समुदायाचा सहभाग शिकली.

दोघींना प्रमाणपत्रं मिळाली. रंगीत, जाड कागदाची. त्यावर लिहिलंय, हजेरी शंभर टक्के.

आणि एप्रिलच्या दहा तारखेला पत्र आलं. 'खेद वाटतो की आपला प्रस्ताव मंजूर होऊ शकत नाही. आमच्या प्रतिनिधींनी अचानक भेट दिली असता केंद्र बंद आढळले.'

तारीख बघितली. मार्चची एकोणीस. तिसऱ्या सत्राचा पाचवा दिवस.

बाईंनी फोन लावला. त्या मिहीर सरांनाच.

"सर, एकोणीसला आम्ही दोघी तुमच्यासमोर बसलो होतो. दुसऱ्या रांगेत."

"हो ताई, आठवतंय ना. तुमची हजेरी तर शंभर टक्के."

"मग केंद्र कोण उघडणार होतं?"

"ताई, व्हिजिटचा विभाग वेगळा आहे. त्यांना प्रशिक्षणाच्या तारखा माहीत नसतात."

"तुम्ही सांगा ना त्यांना."

"मी सांगितलं तर भेट अचानक कशी राहील? तुम्ही निराश होऊ नका. पुढच्या वर्षी परत अर्ज करा."

"मग आता प्रशिक्षण झालंय, ते चालेल ना?"

"नाही, प्रमाणपत्राची मुदत मार्चपर्यंतच असते. परत करावं लागेल."

बाईंनी फोन ठेवला. ईश्वरीला समोर घेतलं आणि पाय ताणायला लागल्या. ईश्वरी आता चार मिनिटं बसते. जून सात आठवड्यांवर आहे.

आता तुमची मान हलायला लागली. मला इथून दिसतंय. "काय हे लोक, शहरातले, हॉटेलात बसून." तुम्हाला राग आला, तो मला आवडला. पण जरा थांबा. मला हे सगळं कसं माहीत, ते विचारलंत का?

चार दिवसांपूर्वी माझी मान अवघडली. कोणीतरी सांगितलं, मागच्या बोळात व्यायामवाले आहेत. गेलो. शशिकलाबाई म्हणाल्या, "बुवा, हे मोठ्यांचं नाही. पण आलातच, तर या पोरीचा गुडघा धरा. रेहाना आज तापाने पडलीय." मी धरला. कसा धरायचा ते सात मिनिटांत शिकलो. लोकर नाही, झाड नाही. ईश्वरी माझ्या पगडीकडे बघून म्हणाली, "हे काढा, गरम होत असंल." मी काढली.

मग बाईंनी मला ते पत्र दाखवलं. त्याला अहवाल जोडला होता. तो मी पूर्ण वाचला, आणि आज ज्यासाठी उभा आहे ते त्यात आहे.

त्या प्रतिनिधीने कुलूप बघितलं आणि लगेच गाडीत बसला नाही. तो आपलं काम करत होता. तो बोळातून या देवळाच्या ओट्यावर आला आणि त्याने तीन माणसांना विचारलं. अहवालात नावं नाहीत, फक्त 'स्थानिक नागरिक एक, दोन, तीन'. विचारलं, "मागे मुलांचं केंद्र आहे, ते रोज चालतं का?"

नागरिक एक म्हणाले, "तिथं कसला तरी क्लास असतो वाटतं."

नागरिक दोन म्हणाले, "अपंगांचं काहीतरी आहे. सरकारी असेल."

नागरिक तीन म्हणाले, "आमचा काही संबंध नाही. गिरणी होती तेव्हा जायचो."

पाच वर्षं. रोज सकाळी कोणाची आई, कोणाची आजी, अकरा पोरं कडेवर घेऊन या ओट्यासमोरून जातात. सात-आठ वर्षांची मुलं कडेवर. ते डोळ्यांत न भरायला किती मेहनत घ्यावी लागली असेल? एका जणाने, फक्त एका जणाने म्हटलं असतं, "साहेब, रोज चालतं, आजच बायका तुमच्या ट्रेनिंगला गेल्यात," तर त्या पोरीला छप्पर मिळालं असतं. एका वाक्याचं काम होतं. त्याला अर्ज लागत नाही.

अहवालाची शेवटची ओळ वाचतो. 'स्थानिक समुदायाचा सहभाग: शून्य.' मंडळी, मी त्या अहवालावर दोन दिवस संतापलो. मग लक्षात आलं, की त्यातलं एवढं एकच वाक्य तपासून लिहिलंय.

विचारलं होतं, देणाऱ्याने परीक्षा किती वेळा घ्यावी. त्यांनी बाईंची तीनदा घेतली, बाई तीनदा पास झाल्या. चौथी तुमची होती. ओट्यावर बसल्या बसल्या घेतली, तोंडी, एका प्रश्नाची. निकाल तुम्हाला कळवायला कोणी आलं नव्हतं, म्हणून मी आलो.

आता ऐका, आणि कोणी उठू नका. या सभामंडपाच्या खाली एक हॉल आहे. पंखे आहेत, फरशी आहे, बाहेरून आत जायला पायरी नाही. वर्षातून नऊ दिवस वापरात असतो. सकाळी दहा ते एक तिथे काय चालतं, याची मी पुजाऱ्यांकडे चौकशी केली. ते म्हणाले, "बुवा, मांजर असतं."

किल्ली विश्वस्तांकडे आहे. विश्वस्त पहिल्या रांगेत आहेत. शशिकलाबाई तिसऱ्या खांबाशी बसल्यात, निळ्या काठाचं पातळ. मी त्यांना बोलावलं तेव्हा कशासाठी ते सांगितलं नव्हतं, नाहीतर त्या आल्या नसत्या. मागून मागून कंटाळल्यात त्या. आज त्यांना काही मागायचं नाही. उठून तिथपर्यंत जायचंय ते तुम्हाला. आणि किल्लीबरोबर चार माणसांची नावं द्या, रोज तासभर गुडघा धरणारी. पहिलं नाव माझं लिहा, या गावात आहे तोवर.

प्रस्ताव मागू नका. ठराव उद्या करू म्हणू नका. उद्याची मीटिंग म्हणजे तुमचा पार्किंग लॉट.

आरतीचं तबक तयार आहे, पण मी अजून हात जोडलेले नाहीत. पेटीवाले, सूर धरून ठेवा. विश्वस्त उठेपर्यंत आपण सगळे असेच बसू.