मेव्हण्याच्या गाडीचा आक्सल

जुना ट्रक घ्यायचं म्हणतोयस ना गड्या, मग माझं ऐक. मी आष्ट्याच्या बापूंकडनं ट्रक घेतला आणि महिन्याभरात मागचे ब्रेक लागेनात. कुपवाडहून त्याच मॉडेलचे ब्रेक शू आणले, तर ते बसेनात. गाडीखालनं मिस्त्री ओरडला, "आवं, ह्यो मागला आक्सल ह्या गाडीचा न्हाईच!"

बापूंना फोन लावला. "व्हय, बदललाय," ते म्हणाले. "माझ्या मेव्हण्याच्या मोडीत काढलेल्या गाडीचा हाय. कुठलं मॉडेल, ते त्यालाच ठावं. पर त्या आक्सलवरनंच आमचं बोलणं बंद हाय."

मेव्हणे वाईचे. त्यांना विचारलं, तर म्हणाले, "सांगतो की. पर दाजींनी सवता इचारलं पायजे."

इकडं माझी हळद गोदामात अडकलेली. बापूंच्या पाया पडलो, तेव्हा कुठं त्यांनी फोन केला. दुसऱ्या दिवशी मेव्हणे स्वतःच शू घेऊन गॅरेजात हजर. बापूही आले. दोघं एकमेकांकडं बघंनात. शेवटी मेव्हणेच म्हणाले, "आक्सल न्हेला त्याचं काय न्हाई, दाजी. पर तवापास्नं एकदाबी घरला जेवाय आला न्हाईसा."

बापूंनी विचारलं, "तू बोलावलंस कवा?"

"दाजीला बोलवाय लागतंय व्हय?"

शू चपखल बसले. ट्रायल घेऊन येतो म्हणून दोघं ट्रक घेऊन गेले. मी वाट बघतोय, बघतोय. दुपारी बापूंचा फोन आला.

"ब्रेक लय झकास हाय रं! आमी वाईला पोचलो. आता जेवूनच येतो."