वरचं कपाट

दुकानाच्या रांगेत माझ्या पुढे एक रिटायर झालेला मेकॅनिक आणि त्याची बायको. हातात छोटं कॉफी मशीन.

“अहो, आपल्या राहायच्या गाडीतल्या ओट्यावर मावेल ना हे?”

“मोजून आलोय. वरच्या कपाटाखाली बरोब्बर बसतं. दोन स्क्रू मारले की वळणावरही हलायचं नाही.”

“आणि झाकण कसं उघडणार? पाणी वरून ओतायचंय.”

“अरेच्चा! मग कपाटच काढतो.”

“त्यात तुमची हत्यारं आहेत.”

“राहतील घरी.”

“तुम्ही, आणि हत्यारांशिवाय? बरं वाटतंय ना?”

“अगं, रिटायर झालोय मी.”

“वाटेत गाडी बंद पडली तर?”

“मेकॅनिक बोलावू. तो येईपर्यंत कॉफी पिऊ.”

“त्यालाही एक कप देऊ हं. तुम्हाला इतक्या वर्षांत कुणी साधं पाणीसुद्धा विचारलं नाही.”