जिन्यावरची अनोळखी बाई

सूनबाई : ...म्हणून सांगतेय आई, उठा. डबा घ्या आणि माझ्याबरोबर कँटीनमध्ये चला.

सासूबाई : कोण आपण?

सूनबाई : अहो, कोण आपण काय!

सासूबाई : मी वायरमनच्या वर्गातली. आपण कॉम्प्युटरवाल्या दिसता. कॉलेजच्या फाटकातून आत आलं की तू सून नाहीस आणि मी सासू नाही, हे प्रवेश घेतला त्याच दिवशी ठरलंय. कुणी ठरवलं?

सूनबाई : मी.

सासूबाई : मग? मी शब्दाची पक्की आहे. काल तुम्ही याच जिन्यावर घसरून पडलात, तरी ओळख दाखवली का मी?

सूनबाई : हसलात मात्र.

सासूबाई : अनोळखी माणूस पडलं की हसू येतंच.

सूनबाई : आई, हा बिल्ला बघा. ‘चला, सोबत बसू!’ कॉलेजात सगळ्यांना सामावून घ्यायचा आठवडा चाललाय. आमच्या समितीतल्या प्रत्येकाने एकट्या बसणाऱ्या एका माणसाला आपल्या टेबलावर आणायचं. आज शेवटचा दिवस, आणि माझी पाटी कोरी.

सासूबाई : एवढ्या मोठ्या कॉलेजात एक एकटं माणूस मिळेना?

सूनबाई : सगळे पळवले हो! चाकाच्या खुर्चीतल्या मुलीवरून तीन टेबलं भांडतायत, ती बिचारी लायब्ररीत लपून जेवते. परदेशातून आलेल्या नर्सिंगच्या बाईंना काल चार वेळा जेवावं लागलं. आणि शिवणवर्गातल्या त्या ऐकू न येणाऱ्या काकांनी तर गळ्यात पुठ्ठाच अडकवलाय. ‘मला सामावून झालंय. जेवू द्या.’

सासूबाई : अगं बाई! आणि उरले कोण, तर मी.

सूनबाई : उरलात असं नाही... पण तुम्ही रोज इथे जिन्यावर एकट्याच बसता ना?

सासूबाई : बसते. माझ्या वर्गातली पोरं चांगली आहेत गं. पण मी दिसले की गप्प होतात, बाकावरचे पाय खाली घेतात. त्यांचं हसणं-खिदळणं बंद पाडून माझ्या घशाखाली घास उतरेल का? म्हणून मीच उठते.

सूनबाई : हे घरी कधी बोलला नाहीत.

सासूबाई : घरी कुणी विचारलं?

सूनबाई : ...चला ना.

सासूबाई : रीतसर विचारा. बिल्ला लावलाय ना?

सूनबाई : अरे देवा. थांबा, समितीचा प्रश्नांचा कागद काढते. ‘नमस्कार. आपल्याला इथे आपलंसं वाटतं का?’

सासूबाई : वायरींमध्ये वाटतं. माणसांत जरा फ्यूज उडतो.

सूनबाई : ‘आपल्या घरी कोण कोण असतं?’ हे राहू दे.

सासूबाई : का राहू दे? एक मुलगा, तो बापावर गेलाय. आणि एक सून. हुशार आहे, फटकळ आहे. सासू बरोबर दिसली तर तिला लाज वाटते.

सूनबाई : तसं नाहीये!

सासूबाई : आपण का चिडता? ओळखता का तिला?

सूनबाई : आई, ऐका. मी आमच्या टेबलावर तुमच्या गोष्टी सांगितल्यात. तुम्ही मिक्सर खोलला, पुन्हा जोडला, तो उलटा फिरला, झाकण उडालं आणि सगळं वाटण छताला. टेबल हसून हसून लोळलं. आता त्याच टेबलावर तुम्हाला कुठल्या तोंडाने नेऊ?

सासूबाई : छताचंही सांगितलंस?

सूनबाई : छताचंच जास्त.

सासूबाई : हं. बरं, मी अनोळखी म्हणूनच येते. तुझी पाटी कोरी नको राहायला. चला बाई.

(कँटीन. खिडकीजवळचं टेबल. सूनबाईंचा वर्गमित्र लंबू आधीच जेवायला बसला आहे.)

लंबू : आणलंस का एक माणूस? शाब्बास! या काकू, बसा. मला लंबू म्हणतात, का ते दिसतंच आहे. तुम्ही काय शिकता?

सासूबाई : वायरमनचं काम.

लंबू : अरे वा! हिच्या सासूबाईंनाही विजेचा भारी नाद. तुम्ही तरी सांगा, मिक्सर उलटा फिरतो का हो?

सासूबाई : न फिरायला काय झालं? मोटरच्या ब्रशच्या वायरींची अदलाबदल झाली की फिरतो. त्या दिवशी घाई झाली होती.

लंबू : कुणाला घाई?

सासूबाई : त्यांनाच. झाली असेल, आपलं म्हणते.

लंबू : आणि काकू, तुमच्या डब्यात आणि हिच्या डब्यात तीच भाजी कशी?

सासूबाई : सध्या तीच स्वस्त आहे.

लंबू : डब्याखालची फडकीसुद्धा एकाच चादरीची?

सासूबाई : चादरीही स्वस्त आहेत.

सूनबाई : पुरे, आई. लंबू, या माझ्या सासूबाई. मिक्सरवाल्या. रोज जिन्यावर एकट्या जेवतात, आणि ते माझ्यामुळे.

लंबू : मिक्सरवाल्या? खऱ्याखुऱ्या? अरे ए! सगळे इकडे या रे! मिक्सरवाल्या आल्यात! खुर्च्या ओढा, बसा, बसा! काकू, ते छताचं आता तुमच्या तोंडून ऐकायचंय.

सासूबाई : सांगते की. ही अर्धंच सांगत असणार. शिडीवर चढून छत पुसायला गेली आणि वरच अडकून बसली, ते सांगितलं का हिने?

लंबू : नाही! काय सांगता! बोला, बोला!

सासूबाई : थांबा जरा. आधी सगळे थोडे सरका.

लंबू : सरकलो. बसा ना काकू, ऐसपैस बसा.

सासूबाई : मी बसलेच आहे रे. माझी सून उभी आहे.