जिताड्याची वाटणी

— रूम दाखवते ना, रूम कुठं पळून चालली? आधी बसा. एजंट म्हनला, सुगत नावाचा पोरगा हाय, सभ्य हाय, रस्त्याच्या पैशाची वाटनी होते त्या ऑफिसात हाय. मी म्हटलं, मग त्यालाच पाठव, बाकी कोन नको. मला वाटनीवालाच पायजे होता — काय? तुमी वाटनी करत नाय, फक्त कागद पुढं सरकवता? असू दे. सरकवता सरकवता दिसतच असेल की, कुनाच्या पदरात काय पडतं ते. पानी घ्या. अन् त्या परातीकडं असं नाक मुरडून बघू नका, जिताडा मासा हाय तो, सकाळी जासईवरून आलाय, माझ्या लेकीनं पाठवलाय, नमितानं. मी नावड्यात नवरी होऊन आले तेव्हा आमच्या खाडीत असा मिळायचा, आता बघायला पन नाय.

तर मला सांगा, दिल्ली एवढ्या राज्यांना रस्त्याचे पैशे देते, ते ठरवते कसं? हां… हां. डिझेल-पेट्रोलवर कर घेतात, सगळा एका जागी गोळा होतो — म्हंजे एकत्र घराचा गल्ला, समजलं, आमच्यात सासूच्या कमरेला असायचा. मग? ज्याचं क्षेत्रफळ मोठं त्याला जास्त. अन् ज्याच्याकडं डिझेल जास्त जळतं त्याला पन जास्त. बघा, किती सरळ हाय, अन् आमच्या घरात ह्यावरून तोंडं वाकडी झाली. आता हेच माझ्या पोरांना लावू. दोन पोरं मला. थोरला धनेश पहिल्या मजल्यावर, धाकटा मधुकर दुसऱ्या. दुपारी दोघं जेवायला येनार हायत, आईनं जिताडा केलाय म्हनून, नायतर एकमेकांचं तोंड बघत नायत. तुकडा एवढा-तेवढा झाला की झालं, दोघं उठून जातील. म्हनून सायेब, तुमच्या हिशोबानं कापायचा. धनेशकडं मोठी गाडी हाय, डिझेल पिते नुसती. मधुकरकडं स्कूटर, ती चार्जिंगवाली. म्हंजे मधुकरला शेपटी पन नाय? हसताय काय, पोटाचा प्रश्न हाय. बरं, क्षेत्रफळावर या. क्षेत्रफळ घराचं धरायचं का मानसाचं? घराचं सारखं हाय, दोघांनी टेप लावून मोजलंय, मोरीसकट. मानसाचं धरलं तर मधुकर धनेशच्या दीडपट, अन् त्याची बायको धरली तर दिल्लीचा सगळा गल्ला दुसऱ्या मजल्यावर. मग डोंगराळ भागाला काय वेगळं देतात का? देतात ना? मधुकरला लिफ्ट नाय. डोंगराळ धरू त्याला.

अन् नमिता? नमिता यात कुठं बसते? तिनं हक्कसोड लिवून दिली, भावांनी तिला साडी नेसवली, झालं. असं कुठलं राज्य हाय का तुमच्याकडं, साडी घेऊन गप बसनारं? केंद्रशासित म्हनता? म्हंजे त्याचं सगळं थेट आईच्या हातात. मग बरोबर हाय, नमिता केंद्रशासितच हाय. फक्त आईच्या हातात आता काय उरलं नाय.

आनखी एक विचारायचं होतं. हायवेवर आपल्या इथं एक बोर्ड हाय, आमची हद्द समाप्त. थोडं पुढं दुसऱ्या खात्याचा बोर्ड हाय, आमची हद्द सुरू. अन् मधला तुकडा? तिथं एवढा खड्डा हाय की रिक्षावाला आधी देवाचं नाव घेतो मग गिअर टाकतो. तो तुकडा कोनाच्या पैशात येतो? बघावं लागेल? बघा. मी पन बघतेय. कारन माझं पन तसंच झालंय — म्हंजे तसं काय नाय, पोरं चांगली हायत, उपाशी ठेवत नायत. पंधरा दिवस धनेशकडं, पंधरा मधुकरकडं, असं ठरलंय. फक्त महिना एकतीसचा असला की मधेच एक दिवस उरतो. धनेश म्हनतो माझे पंधरा झाले, मधुकर म्हनतो माझा उद्यापासून. सुना दार लावून घेतात, उगाच कोनाचा हिशोब चुकायला नको. आज एकतीस तारीख. म्हनून मी इथं खाली, माझ्या रूमवर — हो, हीच. हीच द्यायचीय. आई कधी वर तर कधी त्याच्या वर, मग खालची रूम रिकामी कशाला ठेवायची, भाडं अर्धं-अर्धं घेऊ, असं पोरांनी ठरवलं. तेवढ्यावर मात्र दोघांचं एकमत झालं.

तुमी उठा बरं. उठा, भिंतीकडं तोंड करून उभे राहा. अहो खुळी नाय झाले मी, आमच्यात वाटे असेच घालतात. धनेशचा बाप असताना मासे आले की असेच वाटायचे. एकानं पाठ करायची, दुसऱ्यानं वाट्यावर बोट ठेवून विचारायचं, हा कोनाचा? पाठ केलेल्याच्या तोंडून जे नाव निघेल ते निघालं, मग ते फिरत नाय, कोन रडलं तरी नाय. घर पन असंच वाटलं. माझे दीर पाठ करून उभे होते, गावातली चार मानसं बसलेली. पहिल्या मजल्यावर बोट — धनेशचा. दुसऱ्यावर — मधुकरचा. बोअरिंग, गच्ची, मागचा आंबा, सगळ्यावर बोट ठेवून झालं. मी चहाचे कप घेऊन दारात उभी होते. माझ्यावर कोनी बोट ठेवलं नाय. खोटं कशाला बोलू, मला फार वाईट वाटलं तेव्हा. कप ठेवले अन् मोरीत जाऊन तोंड धुतलं.

उभे राहिलात? मागं बघायचं नाय हां. कापला मी, तुमचं क्षेत्रफळ राहू दे बाजूला. हा शेपटीचा — कोनाचा? धनेशचा. एवढं डिझेल जाळून शेपटी, बरं. हा पोटाचा? मधुकरचा. डोंगराळ भागाचं भलं झालं. आता हे डोकं, जिताड्याचं डोकं आमच्या घरात मानाच्या मानसाला. हे कोनाचं? …नमिताचं. नाय, नाय, चुकलं नाय, फिरवायचं नाय. डबा भरून जासईला पाठवीन. खाईल पोर.

एक राहिलं अजून. मागं बघू नका म्हटलं ना. मी बोट ठेवलंय. हा कोनाचा? …अहो, नावं संपली म्हनून काय झालं, तोंडात येईल ते बोला. हा वाटा कोनाचा?

काय म्हनालात?

तुमचा. तुमचा म्हंजे माझा, या पुतळाचा. …नाय, परत नका बोलू. एकदाच बोलायचं असतं, मी ऐकलं.

वळा आता. परातीत काय शोधताय, परातीत काय नाय. बोट हे हाय, इथं, माझ्या छातीवर. बघितलंत? मग एजंटनं तुमच्याकडं दिलेली ती किल्लीची रिंग द्या इकडं. एजंटला मी सांगते, पोरांना पन मीच सांगते, जेवून झाल्यावर. भाडं वाढवून देता? कशाला? बूट घाला सायेब. या रूममध्ये मानूस राहतंय.