इंद्रभानच्या पेशी

(दुसरबीडचा दवाखाना, सन १९६३. डॉक्टर पुण्याकडून नुकतेच बदलून आलेले. समोर बाकावर रुखमाबाई आणि तिची सून आशाबाई.)

रुखमाबाई : औषधपाण्याचं राहू द्या डाक्तरसाहेब. चार वर्सं झाली लग्नाले, पाळणा नाही. हिच्यात खोट हाय, एवढंच सांगून टाका. माही भाची पाहून ठेवली मी इंद्रभानसाठी.

डॉक्टर : सून ठणठणीत आहे. मुलालाही काल तपासलं, तोही ठणठणीत. आणि दुसरी बायको आता कायद्यात बसत नाही.

रुखमाबाई : कायदा येते काय मले नातू द्यायले?

डॉक्टर : आशाबाई, तुम्ही सांगा. तुमची नि नवऱ्याची गाठ कधी पडते?

आशाबाई : पांदीत.

डॉक्टर : कुठे?

आशाबाई : मळ्याच्या वाटेवर जी. ते रातभर वांग्याची जागल करतात, डुकरं येतात म्हणून. पहाटे ते घराकडं येतात, मी टोपलं घेऊन देऊळगावच्या बाजाराले निघते. ते म्हणतात, 'चालली का?' मी म्हणते, 'हाव.' झाला संसार.

डॉक्टर : आणि परत आल्यावर?

आशाबाई : ते घोरत असतात. ते उठून जेवाले बसले, का मी चुलीपाशी पेंगते.

डॉक्टर : हेच! रुखमाबाई, शरीर बारीक बारीक पेशींचं असतं. त्यातल्या काही पेशी प्रथिनांचे रस तयार करून रक्तात सोडतात. ते रस अंगभर निरोप देत फिरतात. उजाडलं, भूक लागू दे. अंधारलं, निजा आता. तुमच्या मुलाच्या अंगात सकाळीच रात्र होते, आणि सुनेच्या अंगात दिवेलागणीला.

रुखमाबाई : बाप्पा! म्हंजे पोराच्या पेशीबी जागलीले जातात?

डॉक्टर : जातात. दोघांच्या वेळा जुळेपर्यंत माझ्याकडे औषध नाही.

रुखमाबाई : अन् बायको बदलली तं?

डॉक्टर : तिचीही गाठ पांदीतच पडेल.

रुखमाबाई : काय लाज सोडून बोलते हा डाक्तर!

आशाबाई : बोलू द्या त्याइले. आत्याबाई, माही हळद निघाली नव्हती, तवा तुम्हीच त्यांले मचाणावर धाडलं. लोकं मले वांझ म्हणून राह्यले. हळदीकुंकवाले कोणी बोलवत नाही. लई रडू येते मले.

रुखमाबाई : मंग वांगे काय डुकराइले देऊन टाकू?

डॉक्टर : दोनेक महिने राखणीला दुसरं कोणी बघा.

रुखमाबाई : ...पाह्यलं. आजपासून मी जाते.

आशाबाई : तुम्ही? अन् डुक्कर आलं तं?

रुखमाबाई : येऊ दे ना. एका हाकेत तुहा सासरा पारावरून घरी येत होता. डुकराचं काय घेऊन बसली!

डॉक्टर : पण रुखमाबाई, या वयात रात्रभर जागरण? तुमच्याही पेशी...

रुखमाबाई : त्याइचं नका सांगू मले. हिचा सासरा गेला, तवापासून मी जागीच असते. घरात काय, मचाणावर काय.